पाण्याचा उच्छ्वास

पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईस निघाले म्हणजे मुळा नदी ओलांडण्यापूर्वी खडकी लागते. इतिहासाच्या पुस्तकांनी या गावाच्या वाट्याला एकच दिवस दिला आहे. तो दिवस ५ नोव्हेंबर १८१७ चा. त्या दिवशी गणेशखिंडीजवळच्या माळावर बापू गोखल्यांचे घोडदळ इंग्रजांच्या पलटणींवर चालून गेले, आणि संध्याकाळपर्यंत पेशवाईचे भवितव्य जवळजवळ ठरून गेले. पुढे तेथे इंग्रजांची छावणी स्थिरावली, १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, सॅपर्सची पलटण येऊन राहिली. आणि पुस्तकातली खडकी तेथे संपली.

वास्तविक त्यानंतरच्या खडकीलाही इतिहास आहे. तो लोखंडाचा, तेलाचा आणि पाण्याचा आहे, आणि बखरकारांच्या घोड्यांना त्या गल्लीत शिरता येत नाही एवढेच. त्या इतिहासातली एक अगदी लहान गोष्ट मी आज सांगणार आहे. मोटारीच्या इंजिनाभोवती जे पाणी खेळते, त्यात अडकलेली हवा बाहेर कशी काढावी, ही ती गोष्ट. दिवाळी अंकाच्या पानांवर हा विषय पाहून वाचक हसतील हे मी जाणून आहे. परंतु याच हवेने आमच्या घरातल्या एका माणसाची अनेक वर्षांची हौस एका दुपारी जाळून टाकली. आणि त्या घटनेचे बोट धरून मी मागे मागे जात राहिलो, तो थेट मलिक अंबरापर्यंत पोचलो. तेव्हा थोडे सबुरीने घ्यावे ही विनंती.

१

१९६८ सालचा मे महिना. मी शाळेत होतो आणि सुटीसाठी मुंबईस काकांकडे गेलो होतो. पुण्यास आमच्या आतेभावाची मुंज होती. काकांनी नुकतीच एक जुनी विलायती मोटार घेतली होती. त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते, आणि ते काकूंना पसंत नव्हते. गाडीला हीटर होता. मुंबईच्या उकाड्यात हीटर कशाला, असे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत, काका म्हणत, "असू दे गं, गाडीबरोबरच आलाय." या हीटरला पुढे कथेत काम आहे.

पहाटे निघालो. बोरघाटात गाडी तापली, तशा त्या काळी सगळ्यांच्याच तापत. बॉनेट उघडून, दगड लावून, रांगेने उभ्या असलेल्या मोटारी हे घाटातले नेहमीचे दृश्य होते. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा रबरी नळ पाझरत होता. काकांनी त्यावर फडक्याची पट्टी आवळली, पाणी घातले आणि आम्ही लोणावळा गाठले. तो नळ अखेर देहूरोड यायच्या आधी फुटला. रस्त्याकडेच्या एका दुकानात नवा नळ मिळाला. दुकानातल्या पोराने तो दहा मिनिटांत बसवला, बादलीने भडाभड पाणी ओतले, रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावले आणि पैसे घेतले. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती. काका त्याच्यावर खूष झाले.

पुढचा प्रवास मला चांगला आठवतो, कारण मी पुढे बसलो होतो आणि माझी नजर उष्णतेच्या काट्यावर होती. काटा पार खाली, थंडीवर झोपलेला. "पाहिलंस? कशी गार पडली!" काका म्हणाले. चिंचवड गेले, पिंपरी गेली, दापोडी आली. हॅरिस पुलावर जळक्या रंगाचा वास येऊ लागला. पूल उतरून खडकी बाजाराच्या तोंडाशी आलो, तेव्हा इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. काटा तेव्हाही थंडीवरच होता.

बाजारामागे एक गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चिंचेचे झाड, पत्र्याचा आडोसा आणि जमिनीत खणलेला एक खड्डा. तिथले मिस्त्री लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले होते. त्यांनी घाई केली नाही. इंजिन निवू दिले, मग झाकण उघडून पाहिले, मग वरचे हेड खोलले. गॅस्केट करपून फाटले होते, हेड वाकले होते आणि दोन झडपांच्या मध्ये केसासारखी चीर गेली होती. काका पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण मिस्त्री, काटा तर थंड दाखवत होता हो!"

मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब, काटा खोटं बोलला नाही. त्याला पाणी लागलंच नाही, तर तो सांगणार काय?"

आम्ही टांग्याने मुंजीला गेलो. मुहूर्त टळून गेला होता. गाडी तीन आठवडे चिंचेखाली उभी राहिली आणि मग भंगाराच्या भावाने गेली. काकांनी पुढे कधी मोटार घेतली नाही. त्या दिवशी मिस्त्री आणखी एक वाक्य बोलले होते. ते माझ्या बालबुद्धीला तेव्हा कोडे वाटले. ते म्हणाले होते, "पाणी भरायचं नसतं, हवा काढायची असते. पाणी आपोआप जातं."

२

त्या कोड्याचा उलगडा शास्त्राच्या अंगाने असा आहे. इंजिनात जळणाऱ्या तेलाची सगळी शक्ती चाकांपर्यंत जात नाही; ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाच्या भिंतींत उष्णता होऊन शिरतो, आणि तो तिथून काढून न्यावा लागतो. त्यासाठी सिलिंडरांभोवती पोकळ कप्पे ठेवून त्यांत पाणी खेळवतात. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. पाण्याची या कामी निवड झाली ती उगीच नव्हे. एक भांडेभर पाणी जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढी घेण्यास तशी सुमारे साडेतीन हजार भांडी हवा लागेल. शिवाय उष्णता वाहून नेण्याच्या गुणात स्थिर पाणी स्थिर हवेच्या वीस पटींहून सरस आहे. म्हणजे ज्या ठिकाणी पाणी हवे तिथे मूठभर हवा बसली, तर त्या ठिकाणचे लोखंड उघड्यावर पडल्यासारखेच होते.

हवा बसते कुठे? जिथे उंचवटा असेल तिथे. आणि इंजिनातला उंच भाग म्हणजे हेड, जिथे उष्णता सर्वांत अधिक. पाणी फिरवणारा पंप गरगर फिरणाऱ्या पात्यांचा असतो. तो पाणी फेकू शकतो, पण हवेपुढे त्याचे चालत नाही, तो नुसताच फिरत राहतो. याशिवाय वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गार असताना ती मिटलेली असते आणि पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर तापले की उघडते. परंतु तिला तापलेल्या पाण्याचा स्पर्श झाला पाहिजे. तिच्या भोवती हवाच असेल तर ती वेळेवर उघडत नाही. उष्णता मोजणारा काट्याचा गोळाही तसाच; तो पाण्यात बुडालेला असेल तर खरे सांगेल, हवेत लोंबकळत असेल तर काहीबाही सांगेल.

आमच्या गाडीत हेच घडले होते. झडप मिटलेली होती. पोराने रेडिएटरमध्ये भडाभड ओतलेले पाणी खालून इंजिनात शिरले, पण वर हेडात कोंडलेली हवा निघायला वाट नव्हती, म्हणून ते अर्ध्यावरच थांबले. हीटरच्या उंच नळीतही हवा राहिली. रेडिएटर मात्र काठापर्यंत भरलेला दिसत होता. बाहेरून सारे भरलेले आणि आत, जिथे गरज होती तिथे, कोरडे. अशी अवस्था माणसांच्या आणि राज्यांच्या बाबतीतही आढळते, पण तो विषय वेगळा.

३

या गोष्टीला वीसएक वर्षे होऊन गेली. कामानिमित्त औरंगाबादेस जाणे झाले. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील पाणचक्की पाहायला गेलो. डोंगराकडून खापरी नळांनी आणलेले पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तेथून हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे. मला आश्चर्य वाटले ते वाटेत उभ्या असलेल्या विटा-दगडांच्या उंच खांबांचे. तिथल्या एका म्हाताऱ्या रखवालदाराला विचारले, हे बुरूज कसले? तो म्हणाला, "बुरूज नव्हं, बंब हाएत. पानी हितं वर येतं, दम सोडतं, आन् पुन्ना खाली जातं."

दम सोडतं! मला चिंचेखालचे मिस्त्री आठवले.

या शहराचे मूळ नाव वाचकांना ठाऊक असेलच. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० साली ते वसवले, तेव्हा ते ज्या गावाच्या जागी वसले त्याचे नाव होते खडकी. पुढे त्याच्या मुलाने फतेहनगर आणि औरंगजेबाने १६५३ साली औरंगाबाद असे नामांतर केले. नावाप्रमाणेच ती भूमी खडकाळ. तिथे राजधानीजोगे पाणी नव्हते. तेव्हा सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरांच्या पोटातले पाणी जमिनीखालून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या.

जमिनीखालचा नळ चढउतारांवरून जाऊ लागला, की प्रत्येक चढाच्या माथ्यावर हवेची गाठ जमते. पाण्याबरोबर थोडी हवा येतच असते. ती माथ्यावर साठत साठत नळाचा गळा आवळते आणि खाली पाणी असूनही पुढे थेंब जात नाही. यावर तेव्हाच्या कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे हे बंब. पाणी खांबाच्या आत वर चढते, उघड्या तोंडाशी हवा सुटते, नळातला जादा दाबही तेथेच मोडतो, आणि निर्धास्त झालेले पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढची वाट धरते. पंप नाही, यंत्र नाही. हवेला तिची वाट दिली, की पाणी आपली वाट काढते.

पुणेकरांनी हे शहाणपण परक्याकडून शिकावे असे नाही, कारण त्यांच्या घरीही ते आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. त्याच पाण्यावर शहरातले हौद भरू लागले. बदामी हौद, काळा हौद ही नावे अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत, हौद राहिले असोत वा नसोत. हा नळ म्हणजे आत माणूस शिरू शकेल असा भुयारी पाट होता, आणि त्यावर ठरावीक अंतरावर वर उघडणारी बांधकामे केलेली होती. तिथून आत उतरून गाळ काढता येई आणि आतल्या पाण्याला हवा खेळती राही. या बांधकामांना आपल्या लोकांनी जे नाव दिले ते ऐकून मी थक्क झालो. ते नाव आहे 'उच्छ्वास'. श्वासाचा जोडीदार उच्छ्वास. आत घेतलेले बाहेर सोडणे. कोणा गवंड्याच्या किंवा कारकुनाच्या तोंडून हा शब्द प्रथम निघाला ते इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. मात्र ज्याने तो योजला, त्याला पाण्याचा स्वभाव पुरता कळला होता यात शंका नाही.

४

आता पुन्हा मोटारीकडे वळू. आरंभीच्या मोटारींना हा उच्छ्वास आपोआप लाभलेला होता. जर्मनीत कार्ल बेन्झने १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तिच्यात पाणी फक्त उकळून वाफ होऊन जात असे. ते पुनःपुन्हा भरावे लागे. १८८८ साली त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्त्सहाइमला, नवऱ्याला न सांगता, शंभरएक किलोमीटर गाडी चालवत गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी घेत गेली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. बोरघाटात ज्यांनी मोटारी नेल्या त्यांना ही बाई आपल्यापैकीच वाटेल.

खरा पालट केला विल्हेल्म मायबाखने. १९०० साली त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या सांदींतून पाणी. अवघ्या नऊ लिटर पाण्यावर पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन गार राहू लागले. ज्या गाडीला तो बसवला तिला एका गिऱ्हाइकाच्या मुलीचे नाव मिळाले : मर्सिडीझ. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर, पहिल्या अडीचेक हजार गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, गार पाणी जड होऊन खाली येते; आपल्या चुलीवरच्या पातेल्यात जे चालते तेच तिथे चाले. या साऱ्या गाड्यांत रेडिएटर पुढे ताठ उभा असे आणि त्याचे तोंड इंजिनाहूनही उंच असे. त्यामुळे आतली हवा सरळ वर येऊन निघून जाई. कोणी मुद्दाम काढावी लागत नसे.

अशाच मोटारी आपल्या बोरघाटात आल्या. हा घाट १८३० साली गव्हर्नर माल्कमने चाकांच्या गाड्यांसाठी खुला केला होता आणि १८६३ साली आगगाडीही तो चढू लागली होती. मोटारी त्यांच्या मागून आल्या. चढावर इंजिनाला श्रम अधिक, गाडीचा वेग कमी म्हणून वारा कमी, आणि वर जावे तसे पाणी लवकर उकळते. लोणावळ्याच्या उंचीवर ते अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणून ड्रायव्हर लोक पाण्याचे डबे बाळगीत. बंपरपुढे कॅन्व्हासची छागल लोंबकळत असे. पाझरणारे पाणी वाऱ्याने उडे आणि आतले गार राही. उकळत्या रेडिएटरचे झाकण ओले पोते टाकून, तोंड फिरवून, चौथाई वळसा देत उघडायचे हा त्या रस्त्याचा संस्कार होता. ज्याने तो पाळला नाही त्याच्या हातावर त्याची खूण राहिली.

पुढे सुधारणा झाल्या, आणि प्रत्येक सुधारणेने हवेची एकेक वाट बंद केली. मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात आला. इंजिन लवकर तापावे, तेल वाचावे हा हेतू. त्याने हेडाच्या तोंडाशी दार लावले. झाकणात स्प्रिंग घालून पाण्यावर दाब ठेवण्याची पद्धत आली. चौरस इंचास सात पौंड दाब असला तर पाणी एकशे दहा अंशांच्याही वर जाईपर्यंत उकळत नाही, त्यामुळे घाटातल्या रांगा कमी झाल्या. पण उघडे तोंड गेले. थंड देशांसाठी हीटर आला आणि त्याच्या नळ्या इंजिनाहून उंच चढल्या. मग बॉनेट बसके करण्याची हौस आली. गाडी सुंदर दिसू लागली, वाऱ्याला कमी अडवू लागली, आणि तिचा रेडिएटर इंजिनाच्या माथ्याहून खाली गेला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ताठ नाकाच्या गाड्यांची सवय झालेल्या आपल्या रस्त्यांवर बसक्या नाकाचे युग सुरू झाले. जी हवा पूर्वी आपल्या पायांनी चालत बाहेर पडत असे, तिला आता हाताला धरून बाहेर आणावे लागू लागले. त्यासाठी इंजिनावर, सर्वांत उंच जागी, कुठेतरी एक लहानसा स्क्रू ठेवण्यात आला. तो कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो मिस्त्री.

५

खडकीला हे ज्ञान कुठून आले, याचे उत्तर तिच्या चतुःसीमेत आहे. एका अंगाला लष्कराची वाहने दुरुस्त करणारे वर्कशॉप आणि रणगाड्यांचा डेपो. नदीपलीकडे दापोडीस एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर जी पहिली गाडी धावली, तिच्या वंशाला पुढे याच कार्यशाळेने सांभाळले. आणि खुद्द खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना.

ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ही कथा मराठी घराघरात ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी खडकीस डिझेल इंजिनांचा संसार मांडला. ही इंजिने विहिरीवर गेली, उसाच्या गुऱ्हाळावर गेली, पिठाच्या गिरणीत बसली. त्यांच्याबरोबर शेतकऱ्याच्या घरात एक नवा शब्दसंग्रह शिरला. 'एअर धरली' आणि 'एअर काढा' हे त्यातले दोन प्रयोग. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन सुरू होत नाही. मग स्क्रू सैल करून, हातपंप मारून, फेस जाऊन तेलाची निखळ धार येईपर्यंत थांबायचे. विहिरीवरच्या पंपाचेही तेच. खालचा फूटव्हॉल्व्ह गळला की पंपात हवा भरते आणि तो कोरडा फिरतो. मग वरून पाणी ओतून हवा हुसकावायची. इंजिनाशेजारी पाण्याचे पिंप ठेवलेले असे. त्यातले पाणी इंजिनाला गारवा देऊन तापून परत येई, आणि हिवाळ्यात घरची मंडळी त्यावर आंघोळी उरकीत.

सातवी न शिकलेला शेतकरी या रीतीने हवेचे शास्त्र शिकला. त्यास पुस्तक लागले नाही, कारण साऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. फेस दिसत होता, धार दिसत होती. आणि ज्यांना पाण्याचा हा व्यापच नको होता त्यांच्यासाठी हवेने गार होणारी इंजिनेही निघाली. आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी आणि रिक्षा कित्येक वर्षे नुसत्या वाऱ्यावर गार होऊन धावल्या. पाणीच नाही तर पाण्यात हवा कुठली?

आमचे मिस्त्री याच मुशीतून निघाले होते. त्या उन्हाळ्यात काकांची गाडी तिथे पडून होती, तोवर मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. त्यांची रीत मी अनेकदा पाहिली. गाडीचे नाक चढाकडे करून उभी करायची, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच होते. इंजिन पुरते गार असल्याशिवाय झाकणाला हात नाही. हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरम बाजूला, म्हणजे ती वाटही उघडी. मग वरचा स्क्रू किंवा हीटरची वरची नळी सैल करायची आणि तांब्याने, बादलीने नव्हे, धार धरून पाणी घालायचे. आधी फुसफुस होते, मग फेस येतो, मग बुडबुडे नसलेली धार. ती आली की स्क्रू आवळायचा. झाकण उघडेच ठेवून इंजिन हळू चालवायचे, मधूनमधून रबरी नळ मुठीत दाबून सोडायचा. थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची पातळी एकदम खाली बसते, कारण कोंडलेली हवा सुटली. तेवढे पाणी पुन्हा घालायचे. वरचा आणि खालचा दोन्ही नळ हाताला गरम लागले की झाकण लावायचे.

"झालं?" मी विचारी.

"नाही. उद्या सकाळी गार असताना परत बघायचं. पाण्याच्या पोटातही हवा असते, बाळ. आईला विचार, पाणी तापवताना पातेल्याच्या तळाशी मोती कुठून येतात ते."

मी आईला विचारले. ती म्हणाली, "येतात, झालं." पण दुसऱ्या दिवशी पातेल्यापाशी उभा राहून मी ते मोती पाहिले. उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी ते तळाला चिकटतात, एकेक करून सुटतात आणि वर येऊन नाहीसे होतात.

६

चिंचेचे ते झाड आता नाही. मिस्त्रींना जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. आज अनेक गॅरेजांतून आधी इंजिनातली हवा यंत्राने शोषून घेतात आणि त्या निर्वात पोकळीत कूलंट आपोआप ओढले जाते. काम दहा मिनिटांचे, आणि खात्रीचे. म्हणजे जी घाई आमच्या गाडीच्या मुळावर आली, ती आता योग्य साधन हाती आल्यामुळे निर्धोक झाली आहे. याचे मला दुःख नाही. काकांच्या नशिबी असे यंत्र असते तर मला आनंदच झाला असता. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होऊ लागल्या, तेव्हा वाटले की हे प्रकरण आता मिटले. चौकशी करता कळले की त्यांच्या बॅटऱ्यांभोवतीही गारव्याचे द्रव खेळते, आणि त्यातूनही हवा काढावीच लागते. इंजिन गेले, तेल गेले, पण बुडबुडा आहे तिथेच आहे.

मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नहर मलिक अंबराच्या नावाने ओळखली जाते, कात्रजचा नळ नानासाहेबांच्या, रेडिएटर मायबाखच्या. पाणी आणणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली, आणि ते योग्यच झाले. परंतु बंब कोठे बांधावा हे ज्याने उन्हात चढउतार चालून ठरवले, 'उच्छ्वास' हा शब्द ज्याने दिला, बुडबुडे थांबेपर्यंत स्क्रूवर बोट ठेवून जो उकिडवा बसून राहिला, त्यांपैकी कोणाचे नाव कुठे आढळत नाही. त्यांचे काम नीट झाले की ते दिसत नसे. आणि नीट झाले नाही, की मग एखादी गाडी खडकीच्या बाजारात बंद पडे.

काकांनी पुढे कधी मोटार घेतली नाही हे वर सांगितलेच. पण निवृत्तीनंतर ते पुण्यास राहायला आले, आणि संध्याकाळी फिरायला निघाले की वाट वाकडी करून चिंचेखाली जात. मिस्त्री त्यांना स्टूल देत. दोघे फार बोलत नसत. एखादी गाडी नाक वर करून उभी असली, की काका उठून तिच्या रेडिएटरच्या तोंडात डोकावत आणि विचारीत, "निघाली का हो सगळी?"

मिस्त्री म्हणत, "थांबा साहेब. अजून येतेय."